सातजणांच्या जागी टायर

ज्या टायरला हवा धरता येत नाही तो माणसाला काय धरणार, असं हवावाला गेली कित्येक वर्षं सांगत आला होता. गाव त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि मग त्याच टायरच्या पोटात हात घालायचं.

टायर ट्रकचा होता. दुकानापुढे रस्त्याच्या कडेला एक लोखंडी खांब रोवलेला होता आणि त्याला तो साखळीनं टांगलेला होता, म्हणजे इथे पंक्चर निघतं हे लांबून येणाऱ्याला कळावं. त्याची नक्षी झिजून टकलासारखी गुळगुळीत झाली होती. एका अंगाला तळहाताएवढी चीर होती आणि चिरेतून आतल्या तारा डोकावत होत्या. हवावाल्याच्या लेखी ती दुकानाची पाटी होती. गावाच्या लेखी ते न्यायालय होतं. कुणी कुणावर आळ घेतला, की ज्याच्यावर आळ आला त्यानं टायरच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि आपलं म्हणणं चारचौघांत एकदाच, मोठ्यानं सांगायचं. खरं असेल तर हात बाहेर येतो, खोटं असेल तर टायर हात सोडत नाही. एक जुना अपवाद सोडला तर टायरनं आजवर प्रत्येकाचा हात सुखरूप सोडला होता. त्याच्या निकालांवर भरवसा ठेवायचा तर या गावात कुणीही कधी काही चोरलेलं नव्हतं. वस्तू तेवढ्या नाहीशा होत होत्या.

मुळात हे काम दगडाचं होतं.

दुकान ज्या उंचवट्यावर आहे तिथे पूर्वी सात उभे दगड होते. माणसाहून उंच, गोलात उभे. ते कुणी उभे केले आणि कशासाठी, हे कुणालाच ठाऊक नाही. ज्यांनी उभे केले त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि पुढे ज्यांना यायला लागलं त्यांना तशी गरज वाटली नाही. हजारो वर्षं ते काहीही न करता नुसते उभे होते. नुसतं उभं राहणं या गावाला कुणाचंच बघवत नाही, म्हणून दगडांना कामाला लावण्यात आलं. एकडोळ्या दरोडेखोर आपल्या टोळीसह इथे लुटीची वाटणी करायचा, असं ठरलं. एकडोळ्याला दोन्ही डोळे होते, एक मिटून नेम धरायचा म्हणून नाव पडलं, असंही सांगणारे आहेत; त्यांना कुणी विचारत नाही. तो श्रीमंतांना लुटायचा आणि गरिबांना वाटायचा. त्यानं आमच्या पणजोबाला लुटलं, असं सांगणारी घरं गावात मोप होती, कारण त्यातून पणजोबा श्रीमंत होता हे परस्पर सिद्ध व्हायचं. आमच्या पणजोबाला त्यानं काही वाटलं, असं सांगणारं घर एकही नव्हतं.

सातातल्या एका दगडाला छातीच्या उंचीवर आरपार भोक होतं. वाटणीआधी टोळीतल्या प्रत्येकानं त्या भोकात हात घालून, मी काही बाजूला काढलेलं नाही, असं म्हणायचं. एकदा एकडोळ्याच्या उजव्या हातानं, म्हणजे ज्याला तो उजवा हात समजत होता त्या गड्यानं, एक अंगठी चोळीच्या चिंधीत दडवली आणि भोकात हात घालून खोटं बोलला. दगडानं हात धरला. टोळी निघून गेली, सकाळी शिपाई आले, आणि गडी तिथेच उभा. काहींच्या सांगण्यात एकडोळ्या त्याचा हात कोपरापासून तोडून त्याला सोडवतो. ऐकणाऱ्याचं जेवण झालं आहे की व्हायचं आहे, यावर ते अवलंबून असे.

मग मोठा रस्ता आला. त्याच्या आधी खडी फोडायचं यंत्र आलं, आणि एका उन्हाळ्यात सातही जण नाहीसे झाले. यावर गावानं जो विचार केला तो गावाला शोभणारा होता. एकडोळ्या आपल्या दगड झालेल्या गड्यांना न्यायला आला आणि ते त्याच्यामागून चालत गेले, असं ठरलं. एका निवृत्त कारकुनानं या विषयावर पुस्तिका छापली. गाव त्याला संशोधक म्हणायचं, कारण नोकरीत असताना तो हरवलेल्या फायली शोधायचा आणि त्या सापडत नसत.

हवावाल्याचा बाप त्या यंत्रावर मुकादम होता. दगड कुठे गेले हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यानंच नेले होते. घरात तो हे लपवत नसे. "सगळे रस्त्यात आहेत," तो जेवताना सांगायचा. "भोकाचा तेवढा पुलापाशी. फार टणक निघाला, दोन दिवस खाल्ले त्यानं." रोज सकाळी अख्खं गाव त्या सातजणांना तुडवत कामाला जायचं आणि संध्याकाळी ते कुठे गेले असतील यावर चर्चा करत परत यायचं. रिकाम्या झालेल्या उंचवट्यावर बापानं पत्र्याचं दुकान टाकलं, पुढे त्यावर दोन मजली घर चढवलं, आणि खांबाला टायर टांगला.

टायरला न्यायदानाचा अधिकार एका गांधीलमाशीनं दिला. दोन शेजारी एका शिडीवरून भांडत दगडांकडे शपथ घ्यायला आले. दगड नाहीत हे त्यांना तिथे पोचल्यावर आठवलं. आलोच आहोत तर, म्हणून एकानं टांगलेल्या टायरमध्ये हात घातला आणि शिडी माझी असं म्हणाला. आत माशीनं घर केलेलं होतं. त्यानं जी बोंब ठोकली ती ऐकून माणसं जमली, आणि दुखण्याच्या भरात त्यानं शिडी आपली नसल्याचं कबूल केलं. ती दुसऱ्याचीही नव्हती, ती सरकारी दिव्यांच्या खात्याची होती. पण एवढ्या खोलात कोण जातो. हाच तो जुना अपवाद. हवावाला तेव्हा कोवळा होता आणि बापाच्या शेजारी बसून ट्यूबला कानस मारत होता. त्यानं उठून टायरमधून माशीचं घर काढलं आणि लोकांना दाखवलं. लोकांनी ते पाहिलं, आणि टायरनं माशी पाठवली असं म्हणत ते घरी गेले.

त्या दिवशी हवावाल्याचं जगाबद्दलचं मत तयार झालं, आणि पुन्हा ते तपासून बघायची तसदी त्यानं घेतली नाही. जगाला मूर्ख समजणाऱ्याला शहाणपणासाठी वेगळं काही करावं लागत नाही, ही मोठी सोय असते. त्याच सोयीवर तो म्हातारपणाच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. बसायला एक पालथा डबा, पुढे पाण्याचं घमेलं, हाताशी लोखंडी पट्ट्या आणि हातोडा. चाक खोलायचं, ट्यूब काढायची, फुगवून पाण्यात बुडवायची, बुडबुडा आला तिथे खडूनं खूण करायची, घासून ठिगळ लावायचं. हे करताना तो गाडीवाल्याशी बोलत नसे, गाडीवाल्याबद्दल बोलत असे. "नवीनच होता टायर," असं कुणी म्हणालं की हवावाला टायरकडे बघायचा, मग माणसाकडे बघायचा, आणि पुन्हा टायरकडे. एवढ्यानं काम व्हायचं.

एकदा त्यानं तो टायर उतरवायचा प्रयत्न केला होता. साखळी सोडवतो न सोडवतो तोच समोरचा न्हावी गिऱ्हाईकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून वस्तरा हातात घेऊन आला.

"काय करतोस?"

"भंगारात देतो."

"तुझ्या बापाची मालमत्ता आहे का ती?"

"बापाचीच आहे."

यावर न्हाव्यापाशी उत्तर नव्हतं, पण वस्तरा होता. टायर राहिला.

घरात वरच्या मजल्यावर रस्त्याच्या अंगाला एक खोली होती. त्या खोलीत आई आणि धाकटी बहीण राहत. बहीण नवरा गेल्यावर परत आलेली. खिडकीत शिवणयंत्र मांडून पडदे, अभ्रे, पोरींचे फ्रॉक शिवायची, आणि यंत्र थांबवून आईला औषध द्यायची, कूस बदलून द्यायची, न्हाऊ घालायची. भावाला ती दादा म्हणायची आणि त्याच्याशी कधी वाद घालायची नाही, त्यावरून हवावाल्यानं ती मंद असल्याचा निष्कर्ष काढला होता. टायरवर तिची श्रद्धा होती हा आणखी पुरावा.

आई गेली त्या दुपारी बहीण खाली पाणी आणायला गेली होती आणि हवावाला कधी नव्हे तो खाटेपाशी बसला होता. आईनं डोळे उघडले. आवाज बारीक होता, पण बोलणं सरळ होतं. "ही खोली तिची. तुला खाली सगळं आहे. तिला कुणाच्या दारात पाठवू नकोस."

"बरं," हवावाला म्हणाला.

अडचण अशी होती, की ती खोली त्यानं आधीच देऊन टाकली होती. मुलाचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांनी पोरांना स्वतंत्र खोली आहे का असं विचारलं होतं, आणि आई वर खोकत असताना खाली बसून हवावाल्यानं, आहे की, रस्त्याच्या अंगाला, खिडकीसकट, असं उत्तर दिलं होतं. त्यामुळे माणसं पांगल्यावर बायकोनं जेव्हा विचारलं, "शेवटी काही म्हणाल्या का?" तेव्हा परक्या गाडीवाल्याला दर सांगावा तसं त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "खोली मला दिली म्हणाली."

बहीण दारातच होती.

"आई असं म्हणाली?"

"म्हणाली."

"मला तर वेगळंच म्हणायची."

"शेवटी शेवटी माणूस काय वाटेल ते म्हणतं."

"तेच म्हणते मी. शेवटी तू एकटाच होतास." तिच्या हातात कसलं तरी कापड होतं, तिनं त्याचा दोरा दातानं तोडला. "तुझ्यावर आळ घेत नाही, दादा. पण टायरमध्ये हात घालून एवढं सांग. म्हणजे माझ्या जिवाला घोर नको."

हवावाला हसला. खरं तर हसण्यासारखंच होतं. बायको आतून म्हणाली, "घाला की. तुमचा कुठे विश्वास आहे त्याच्यावर?"

त्यात नाही म्हणण्यासारखं काही सापडेना. विश्वास असता तर नकार देता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाभोवती गर्दी झाली. टायरला नावं ठेवणारा टायरपुढे उभा, हा योग गावानं सोडला असता तर ते गाव कसलं. न्हाव्यानं दुकानाला कडी घातली. संशोधक छत्री घेऊन आला. पाऊस नव्हता, पण ऐतिहासिक प्रसंगी तो छत्री घेऊन येत असे. चाकासाठी ताटकळलेला एक ट्रकवालाही कडेला येऊन उभा राहिला.

"हा काय प्रकार आहे?" त्यानं विचारलं.

"खोटं बोललं की टायर हात धरतो," न्हावी म्हणाला.

"मग माझं चाक कोण काढणार?"

"खरं बोलला तर तोच."

हवावाल्यानं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आत काही नव्हतं. थोडी धूळ, तळाशी साचलेलं कोमट पाणी, एक वाळकं पान. इतकी वर्षं सांगत होतो तसंच आहे, असं त्याला वाटलं आणि बरंही वाटलं. "आईनं खोली मला दिली," तो म्हणाला आणि हात बाहेर काढला. हात काळा झाला होता, बाकी काही झालं नव्हतं. गर्दीची निराशा झाली. ट्रकवाला म्हणाला, "झालं ना? आता चाक."

बहीण पुढे आली. तिनं पदरानं त्याचा हात पुसला. बोटं एकेक करून, सावकाश, आईची पुसायची तशी.

"चुकले मी, दादा," ती म्हणाली. "मनात नको ते आलं. माफ कर."

आणि ती वर जाऊन सामान बांधायला लागली.

हवावाल्याला वाईट वाटलं असं म्हणणं घाईचं होईल. आधी त्याला राग आला. ही बाई भांडली असती, रडली असती, चार माणसांत त्याला चोर म्हणाली असती, तर त्यानं ती खोली सुखानं घेतली असती. पण तिचा विश्वास बसला होता. एका भंगारातल्या टायरच्या सांगण्यावरून ती आपलं छप्पर सोडून दुसऱ्या गावी आतेबहिणीकडे चालली होती, जिथे स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधल्या बोळात तिचं अंथरूण पडणार होतं. शिवणयंत्र तिथे मावणार नव्हतं, ते ती विकणार होती. इतका मूर्खपणा त्यानं अख्ख्या गावात पाहिला नव्हता, आणि या मूर्खपणाचा फायदा उचलणारा कोण, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. जगाकडे तुच्छतेनं बघायची सवय असली की ती नजर एखाद्या वेळी आरशावर पडते. तेव्हा ती नेमकी कशी दिसते हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

दोन दिवस त्यानं कळ काढली. मग जिना चढून वर गेला. बहीण खिडकीत बसून गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे संपवत होती.

"तू इथेच राहा," तो म्हणाला.

"नको रे. आईनं खोली तुला दिली. तिचा शब्द मोडून इथे झोप लागेल का मला?"

"मी देतोय ना पण."

"तू चांगला आहेस. पण नको."

"अगं, टायर म्हणजे टायर आहे. त्याला काय कळतं?"

"तू नेहमीच असं म्हणतोस."

हवावाल्यानं यंत्राचं चाक हातानं थांबवलं. मग म्हणाला, "मी खोटं बोललो. आईनं खोली तुला दिली होती."

तिनं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि हसली. लहानपणी तो आपल्या वाटचा खाऊ तिला देऊन मला आवडतच नाही म्हणायचा, तेव्हा हसायची तसं. हवावाला ते विसरला होता. ती विसरली नव्हती, हाच घोटाळा होता.

"माझ्यासाठी आता खोटं नको बोलूस, दादा."

"आता खरं बोलतोय. तेव्हा खोटं बोललो."

"मग टायरनं हात कसा सोडला?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी होतं. ते तो आयुष्यभर देत आला होता, आणि आयुष्यभर त्यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता.

खाली येऊन त्यानं न्हाव्याला गाठलं. तिथे संशोधक दाढीला बसला होता. हवावाल्यानं दोघांना सगळं सांगितलं आणि तिला समजवा म्हणून विनवलं. विनवणं त्याच्या जिभेला नवीन होतं, ते जमलंही नाही. न्हाव्यानं वस्तरा थांबवला.

"म्हणजे टायर चुकला, असं म्हणणं आहे तुझं."

"टायर चुकत नाही आणि बरोबरही नसतो. तो टायर आहे."

"थांब. टायर चुकला असं धरलं, तर मग माझ्या भागीदाराच्या खुर्च्यांचं काय?"

काही वर्षांपूर्वी न्हाव्याच्या भागीदाराच्या दोन खुर्च्या नाहीशा झाल्या होत्या. न्हाव्यानं टायरमध्ये हात घालून त्या पाहिल्याही नसल्याचं सांगितलं होतं. संशोधक सध्या त्यांतल्याच एकीवर बसला होता, आणि वाचनालयाच्या पंख्याबाबत तोही टायरकडून सुटलेला होता.

"एका खोलीपायी अख्ख्या गावाला खोटं पाडतोस?" संशोधक साबणातून म्हणाला. "भावना समजते. बहिणीसाठी चोर व्हायला निघालास. पण इतिहासाशी खेळू नये."

"मोठ्या मनाचा माणूस," न्हावी म्हणाला. "आपण ओळखलं नाही इतकी वर्षं."

संध्याकाळपर्यंत हवावाल्याचं मोठं मन गावभर झालं. ज्यांना त्यानं आयुष्यभर गाढव मानलं ती माणसं रस्त्यानं जाताना मान लववू लागली. एकानं तर पंक्चरीचे सुटे पैसे परत घेतले नाहीत. खोटं बोलून इतका मान मिळतो हे ठाऊक असतं तर बरेच लोक अधिक मेहनतीनं खोटं बोलले असते. बायको मात्र त्याला ओळखून होती. "खरं बोलायची एवढी हौस होती तर आधी बोलायचं," ती म्हणाली आणि ताट त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवलं.

जायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. ट्रंक चढली, गादीची वळकटी चढली. यंत्र चादरीत गुंडाळून दोघांनी जिन्यावरून खाली आणलं. निरोपाला आलेल्यांपेक्षा बघायला आलेले जास्त होते. यंत्र टेम्पोच्या फळीला टेकलं, तेव्हा हवावाला पालथ्या डब्यावरून उठला.

"थांबा. मला पुन्हा हात घालायचाय."

"एकदा घातला की झालं," न्हावी म्हणाला. "दोनदा घालायची रीत नाही."

"माझ्या दुकानापुढे आहे. दहादा घालेन."

त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला. मोठ्यानं म्हणाला, "आईनं खोली मला दिली." आणि हात आतच राहिला.

नाटकाचा त्याला काडीचा अनुभव नव्हता. तो नुसताच उभा राहिला, मग खांदा जरा मागे ओढल्यासारखं केलं, मग पुन्हा उभा राहिला. इतकं भिकार काम शाळेच्या संमेलनातही कुणी केलं नसतं. पण प्रेक्षक तयार होते. "निघत नाहीये," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. न्हाव्यानं त्याच्या कमरेला मिठी मारून मागे ओढलं. टायर हलला, साखळी खणखणली, एक तार मनगटाला लागून रक्त आलं. रक्त दिसताच संशोधकानं छत्री उघडली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. टेम्पोवाला खाली उतरला. ओढणाऱ्यांना एकाचे चार हात लागले आणि हवावाला तसूभर हलला नाही, कारण आत त्यानं टायरचा काठ जिवाच्या आकांतानं धरून ठेवला होता. टायरनं माणूस धरला नव्हता. माणसानं टायर धरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो टायरच्या बाबतीत गावाला फसवत होता आणि पहिल्यांदाच त्याबाबतीत गाव त्याच्यावर विश्वास ठेवत होतं.

"बाजूला व्हा," बहीण म्हणाली. "हात उखडाल त्याचा."

तिनं टायरच्या पोकळीत आपला हात घातला आणि त्याच्या कोपरापासून चाचपत खाली नेला. मनगट सापडलं, तळवा सापडला. मग त्याची बोटं सापडली: काठाभोवती आवळलेली, गार पडलेली. तिचा हात तिथेच थांबला. इतक्या जवळून दोघांनी एकमेकांकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. हवावाल्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि हिला मंद समजत होतो हा विचार नेमका त्याच वेळी त्याला सुचला, जेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

"सुटतोय का?" न्हाव्यानं विचारलं.

"नाही," बहीण मागे न बघता म्हणाली. "फार घट्ट धरलंय."

गर्दी समाधानानं हळहळली.

"खरं सांग, दादा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "म्हणजे सुटेल."

"खोली तिची आहे," हवावाला म्हणाला. "आईनं तिला दिली. मी खोटं बोललो."

आत त्याच्या बोटांवर तिनं चापटी मारली, हलकेच, जेवताना आगाऊपणा करणाऱ्या पोराच्या हातावर मारतात तशी. बोटं सुटली. हात बाहेर आला. तिनं पदरानं तो पुसला, या वेळी जरा खसखसून.

"आता यंत्र परत वर खोलीत न्या," ती टेम्पोवाल्याला म्हणाली. "आणि नीट. मघाशी जिन्यावर आपटलंत."

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. सकाळपर्यंतचा मोठ्या मनाचा माणूस दुपारी बहिणीच्या छपरावर टपलेला चोर झाला. हे खरंच होतं, म्हणून हवावाल्याला तक्रार करता आली नाही. मान लववणारे पूर्वीसारखे पुढ्यातून नाक वर करून जाऊ लागले. टायरनं पहिल्या खेपेला का सोडलं, यावर न्हाव्याचं म्हणणं पडलं की संधी दिली. संशोधक म्हणाला की एकडोळ्याही पहिल्या चुकीला सोडायचाच, माझ्या पुस्तिकेत आहे. पुस्तिकेत ते नव्हतं. नंतरच्या आवृत्तीत आलं. मुलीकडच्यांना खोली नसल्याचं कळलं. त्यांनी चार दिवस विचार केला आणि मग मुलीनंच दुकानामागच्या खोलीला खिडकी पाडून द्या म्हणून निरोप धाडला. ती खिडकी हवावाल्यानं स्वतः पाडली. बायको समोर उभी राहून चुका दाखवत होती आणि दुसरं काही बोलत नव्हती.

टायरचा लौकिक वाढला. आता परगावाहून माणसं भांडणं घेऊन येतात. परवा असाच एक जण ट्यूब बदलायला थांबला होता. टायरकडे बोट करून त्यानं विचारलं, "काय हो, हा खरंच हात धरतो?"

वरच्या खिडकीत यंत्र चालू होतं, ते थांबलं.

हवावाल्यानं घमेल्यातली ट्यूब फिरवली. बुडबुडा कुठून येतो ते बघितलं, खडूनं खूण केली.

"धरतो," तो म्हणाला आणि असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे अगदी पूर्वीसारख्या तुच्छतेनं बघितलं.

वर यंत्र पुन्हा सुरू झालं.